आधी वॉर्डाची नड, मग गडाची वाट: कर्करोग वॉर्डासाठी सिंहगडाच्या पाच फेऱ्या आणि निधी उभा करण्याची रीत

माझा भाचा सात वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. बालकर्करोग वॉर्डात आम्ही घरातली माणसं आळीपाळीने महिनोन्‌महिने बसलो. शेजारच्या खाटेवर परभणीकडचा एक मुलगा होता. त्याचे उपचार सरकारी योजनेत बसले होते, औषधाला पैसे पडत नव्हते. तरी तिसऱ्या महिन्यात त्याची आई समाजसेवा विभागातल्या ताईंना म्हणाली, "आम्ही जातो आता गावाकडं. सोयाबीन काढायला आलंय आन्‌ खोलीचं भाडं थकलंय." डॉक्टर होते, औषध होतं, खाट होती. पुण्यात राहायला आणि दोन वेळचं खायला पैसे नव्हते. ताईंनी कुठूनतरी सोय लावली आणि तो मुलगा थांबला.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. मध्येच सोडले तर आजार बहुधा परत येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जातं. त्यामागे उशिरा होणारं निदान आणि औषधांची टंचाई जशी आहे, तसंच अर्ध्यावर सोडलेले उपचारही आहेत. अर्ध्यावर सुटणारी ही मुलं थोड्याशा पैशात थांबवता येतात, आणि तेवढा पैसा आपल्यासारखी माणसं उभा करू शकतात.

गेली चार वर्षं आमचा गट दर डिसेंबरात एका दिवसात सिंहगडाच्या पाच फेऱ्या करतो आणि वॉर्डासाठी निधी जमवतो. पहिल्या वर्षी मी बऱ्याच चुका केल्या. त्यातल्या दोन पैशांच्या होत्या, एक गुडघ्याची. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. गड तुमच्या जवळचा कोणताही घ्या, किंवा सायकल घ्या, पळा, पोहा. क्रम मात्र हाच ठेवा.

पहिलं काम: वॉर्डाला काय हवंय ते विचारा

बहुतेक जण आधी आव्हान ठरवतात, पोस्टर करतात, पैसे गोळा करतात आणि मग रुग्णालयात जाऊन विचारतात की हे कुठे देऊ. मीही तसंच केलं होतं. देणगीदाराने "पैसे नेमके कशाला?" असं विचारलं की माझ्याकडे "कर्करोगाच्या मुलांसाठी" एवढंच उत्तर होतं. त्या उत्तरावर माणूस शंभर रुपये देतो. "एका कुटुंबाचं रुग्णालयाजवळ महिनाभर राहणं आणि जेवण" या उत्तरावर तोच माणूस दोन हजार देतो.

सुरुवात डॉक्टरांपासून करू नका. त्यांना वेळ नसतो, आणि घरची नड त्यांच्यापर्यंत पोचतेच असं नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. तिथल्या वैद्यकीय समाजसेविका रोज कुटुंबांशी बोलत असतात. कुणाचं रेशनकार्ड अडकलंय, कुणाचा मुक्काम फुटपाथवर आहे, कुठली आई स्वतः उपाशी राहून पोराला अंडं खाऊ घालते, हे त्यांना ठाऊक असतं. दुपारी तीननंतर जा, बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ओसरल्यावर. वही घेऊन जा.

तिथे गेल्यावर एक गोष्ट समजून घ्या: कशाला पैसे आधीच आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कर्करोगाचे पुष्कळ उपचार येतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत शयनयान आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत आहे. एसटीतही सवलत मिळते. हे सगळं वजा करून जे उरतं तिथे तुमचा पैसा लागला पाहिजे. माझ्या वहीत उतरलेली यादी साधारण अशी होती: रुग्णालयाजवळची खोली, स्टेशनवरून रिक्षा, योजनेत न बसणाऱ्या तपासण्या, प्लेटलेटच्या, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींच्या, पिशव्या, प्रथिनयुक्त खाणं, बापाची बुडालेली मजुरी, आणि ज्याचं दुसरं कुणीच नाही अशा मुलासोबत राहणाऱ्या आजीचा चष्मा. चष्मा खरंच होता यादीत. गोळ्यांवरची अक्षरं तिला दिसत नव्हती.

राहण्याची सोय ही मोठ्या शहरांतली सर्वात जुनी नड आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, आणि देशभरातून येणाऱ्या रुग्णांच्या मुक्कामाचा भार मुंबईतल्या संस्था आजही उचलतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं तिथल्या रुग्णांच्या तोंडी असतात. मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स मोफत घरं चालवतं. तुमच्या शहरात असं कुणी आधीच करत असेल तर नवं काही उभारू नका, त्यांच्याच कामाला जोड द्या.

यंत्र द्यायचं मनात असेल तर थोडं थांबा. वस्तू दिसते, तिच्यावर नाव लावता येतं, म्हणून देणगीदारांना ती आवडते. पण औषध ठरावीक वेगाने शिरेत सोडणारा पंप दिला आणि त्याला लागणाऱ्या नळ्यांचे संच कुणी घ्यायचे हे ठरलं नाही, तर तो कपाटात जातो. यंत्राच्या किमतीत तीन वर्षांची देखभाल आणि लागणारं सुटं साहित्य धरा. रुग्णालय ते लेखी स्वीकारणार असेल तरच पुढे जा.

उठण्यापूर्वी ताईंकडून चार गोष्टी लिहून घ्या: नेमकी नड, एका कुटुंबामागे खर्च, पैसे खर्च करण्याचा अधिकार कुणाला, आणि जास्त जमले तर ते कशाला वापरायचे. जास्त जमतात, मी अनुभवलं आहे, आणि तेव्हा हे ठरलेलं नसेल तर वाद होतात.

पैसा तुमच्या खात्यातून जाऊ देऊ नका

माझी सर्वात मोठी चूक ही. पहिल्या वर्षी मी माझाच क्यूआर कोड सगळ्यांना पाठवला. तीन आठवड्यांत १ लाख ३० हजार जमले. लोकांनी पावती मागितली, ती मी देऊ शकत नव्हतो. रुग्णालयाच्या लेखा विभागाला एका व्यक्तीकडून आलेली एवढी रक्कम कोणत्या शीर्षाखाली घ्यायची हे ठरवायला अडीच महिने लागले. मधल्या काळात कुणी काही बोललं नाही, पण मला झोप नव्हती. आयकराचा नियमही आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांहून जास्त रक्कम तुमच्या नावे आली तर ती सगळीच तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते.

म्हणून पैसा देणगीदाराच्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात गेला पाहिजे. सरकारी रुग्णालय असेल तर रुग्ण कल्याण समितीचं खातं असतं का ते विचारा. खासगी किंवा न्यासाचं रुग्णालय असेल तर त्यांचा रुग्णसाहाय्य निधी असतो. दोन्ही जमत नसेल तर वॉर्डासोबत काम करणारा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास शोधा. त्यांच्याकडून नोंदणी क्रमांक, आयकर सवलतीचं प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. प्रामाणिक संस्था आनंदाने देतात.

देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीला लोक जुन्या कलमावरून ८०जी म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलण्यात नाव तेच आहे. देणगीदारांना तीन गोष्टी आधीच सांगा. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. सवलत हवी असेल तर पॅन क्रमांक द्यावा लागतो, कारण संस्था त्यावरूनच देणगीचं प्रमाणपत्र काढते. आणि नव्या कररचनेत असलेल्यांना ही वजावट मिळतच नाही. हे न सांगता "करसवलत मिळेल" असं लिहिलं तर जुलैत, विवरणपत्र भरताना, नाराज फोन येतात.

परदेशातला मराठी माणूस भरभरून देतो, पण तिथे कायदा आडवा येतो. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. ज्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी मात्र विदेशी ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही. ती घ्यायला संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी हवी. सख्खा भाऊ असला तरी नियम बदलत नाही. न्यू जर्सीतल्या मित्राला क्यूआर पाठवण्याआधी त्याच्याकडे कोणतं पारपत्र आहे ते विचारा.

शेवटी संस्थेकडून एक पत्र घ्या: तुमच्या उपक्रमातून येणारी देणगी अमुक कामासाठीच वेगळी धरली जाईल आणि अमुक तारखेला तिचा हिशेब मिळेल. पुढे प्रत्येक शंकेला हेच पत्र उत्तर देतं.

आव्हान कोणतं घ्यावं

कॅनडाच्या टेरी फॉक्सचा १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचारांच्या काळात वॉर्डात त्याने जे पाहिलं ते त्याला स्वस्थ बसू देईना. १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व टोकावरून कृत्रिम पायावर धावायला निघाला. दिवसाला सुमारे ४२ किलोमीटरचं लक्ष्य ठेवून, असा १४३ दिवस. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्याची मागणी साधी होती: प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा. थांबल्यावर काही महिन्यांतच तेवढे, म्हणजे २ कोटी ४० लाखांहून जास्त डॉलर जमले. आपल्याला यातून दोन गोष्टी उचलता येतात. त्याचं आव्हान एका वाक्यात सांगता येत होतं, आणि निघण्याआधी त्याने वर्षाहून जास्त काळ सराव केला होता.

आव्हान असं हवं की ऐकणाऱ्याला त्याचा अंदाज यावा. "३,००० मीटर चढ" म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. "सिंहगड एका दिवसात पाच वेळा" म्हटलं की पुण्यातला माणूस डोळे विस्फारतो, कारण एकदा चढून त्याचे पाय दुखलेले असतात. कोल्हापूरकरांना हेच जोतिबाच्या डोंगराबद्दल कळेल, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याबद्दल, नाशिककरांना कळसूबाईबद्दल. तुमच्या गावाच्या पायांना जो डोंगर माहीत आहे तो घ्या.

आणखी एक गोष्ट: आज तुम्हाला जमणार नाही, पण चार महिन्यांनी जमू शकेल इतकंच अवघड घ्या. आजच जमणारं असेल तर लोक पैसे देत नाहीत. कधीच जमणार नसेल तर वॉर्डाच्या नावाखाली एक माणूस रुग्णवाहिकेत जातो.

सोळा आठवडे

सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून वरच्या पुणे दरवाजापर्यंतची पायवाट सुमारे ६०० मीटर उंची चढते. पाच फेऱ्यांचे ३,००० मीटर. सराव असलेल्याला एक फेरी, चढ आणि उतार धरून, दोन तासांच्या आसपास पडते. म्हणजे दहा तास पाय चालू.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेल्यांनी आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि गरज पडल्यास ताणचाचणी (स्ट्रेस टेस्ट) करून घ्यावी. गटातल्या प्रत्येकाकडून आम्ही हे करून घेतो, त्याशिवाय नाव लिहीत नाही.

पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन दिवस ४० ते ५० मिनिटं भरभर चालणं, आणि रविवारी गडाची एक फेरी. पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पहाटे दहा वेळा केल्या तरी चांगला सराव होतो. टेकडी नसेल तर इमारतीचा जिना पकडा. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे दहा मजली इमारत वीस वेळा चढलात की गडाची एक उंची झाली. उतरताना लिफ्ट घेऊ नका, कारण खरी तयारी उतरण्यातच आहे.

माझा गुडघा गेला तो इथे. पहिल्या वर्षी मी फक्त चढण्याचा सराव केला होता. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, त्यात त्याचे धागे बारीक बारीक तुटतात, आणि स्नायू थकला की सगळा भार गुडघ्यावर येतो. तिसऱ्या उताराला माझा उजवा गुडघा वाकेना. आता आम्ही आठवड्यातून दोनदा घरीच हा व्यायाम करतो: पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय हळूहळू, पाच आकडे मोजत, खालच्या पायरीवर टेकवायचा. दोन्ही पायांना पंधरा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या. सोबत उठाबशा आणि टाचा उचलणं. दिसायला किरकोळ आहे, पण याने आमच्या गटातले गुडघे वाचले.

सहाव्या आठवड्यात दोन फेऱ्या सलग, दहाव्यात तीन, तेराव्यात चार. पाचवी सरावात करायची नाही, ती त्या दिवसासाठी ठेवायची. एकूण श्रम दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. शेवटचे दोन आठवडे फक्त हलकं चालणं. या काळात अंगात सुरसुरी येते आणि "आणखी एक फेरी मारून बघू" असं वाटतं. मारू नका.

बूट नवे असतील तर आठव्या आठवड्याच्या आत घ्या. गडावरचा दगड हजारो पावलांनी गुळगुळीत झाला आहे, रबराची पकड चांगली हवी. पावसाळ्यात हा प्रयोग करू नये, आम्ही डिसेंबर म्हणूनच निवडला.

मागायचं कसं

आव्हानाच्या सहा आठवडे आधी मागायला सुरुवात करा. त्याच्या आधी मागितलं तर लोक विसरतात, नंतर मागितलं तर वेळ पुरत नाही.

पहिली देणगी स्वतःची, आणि ती आकड्यासकट जाहीर. मग दहा जवळच्या माणसांना फोन. संदेश नव्हे, फोन. पाच हजार देऊ शकणाऱ्या माणसाला तुम्ही पाचशेचं बोललात तर तो पाचशेच देतो, म्हणून आकडा तुम्ही सांगा: "काका, एका कुटुंबाची महिन्याची खोली आणि डबा आठ हजारांत होतो. तुम्ही अर्ध्या महिन्याचं घ्याल का?" एवढं बोलून गप्प बसा. समोरच्याला विचार करू द्या. आपण घाईने "नाही जमलं तरी चालेल हं" असं म्हणतो आणि देणाऱ्याचाही हात आखडता होतो.

या दहा जणांच्या देणग्या जमा झाल्या की मगच सोसायटीच्या, शाळेच्या तुकडीच्या, ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटांवर जा. रिकाम्या थाळीत कुणी पहिला रुपया टाकत नाही. आमचा संदेश असा असतो:

"१४ डिसेंबरला आम्ही आठ जण सिंहगड एका दिवसात पाच वेळा चढणार आहोत. बालकर्करोग वॉर्डातल्या १५ कुटुंबांची महिनाभराची राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणून. एका कुटुंबाचा खर्च ८,००० रुपये, एका दिवसाचा साधारण २७०. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील, पावती संस्थाच देईल. तुम्ही किती दिवसांचं घेता?"

आकडे तुमच्या ताईंनी दिलेले घाला. "किती दिवसांचं" या शब्दाने खूप फरक पडला. ज्याला हजार जड वाटतात तो "एक दिवस" म्हणतो, आणि फूल ना फुलाची पाकळी म्हणून दिलेल्या त्या २७० रुपयांत एका आईची एका दिवसाची चिंता मिटते. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींनी दोन दिवसांचे दिले. त्यांची पावतीही तेवढ्याच आदराने पोचवा.

प्रत्येक फेरीमागे अमुक रुपये, असंही काही जण ठरवतात. मुलांना ते फार आवडतं. पण त्याची एक अडचण आहे: तुम्ही तिसऱ्या फेरीला थांबलात तर वॉर्डाचे पैसे कमी होतात, आणि दुखऱ्या गुडघ्याने चौथीला निघायचा मोह होतो. म्हणून मोठ्या देणग्या आम्ही आव्हानाशी बांधत नाही. फेरी पुरी होवो न होवो, देणगी वॉर्डाची.

नोकरी करत असाल तर मनुष्यबळ विभागाला विचारा. काही कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या रकमेइतकीच रक्कम स्वतः घालतात. निधी जमवणारी संकेतस्थळं वापरणार असाल तर त्यांचं शुल्क आणि देणगीदाराकडून आपोआप धरली जाणारी "टिप" आधी वाचा.

आणि खर्चाची सीमा पहिल्याच दिवशी आखा. टी-शर्ट, बस, पाणी, प्रथमोपचार यातलं काहीही देणगीतून होणार नाही. आम्ही प्रत्येकी वर्गणी काढतो आणि हे संदेशातही लिहितो.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण रक्तगट आहे त्यांना विसरू नका. केमोथेरपीत मुलांच्या प्लेटलेट घसरतात आणि पिशवीतल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणजे साठवून ठेवता येत नाहीत. यंत्रावर प्लेटलेट देणारा निरोगी माणूस ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, वर्षातून २४ वेळांपर्यंत. तयार दात्यांची नावं आणि फोन क्रमांक त्यांच्या संमतीने रक्तपेढीला द्या. फक्त चढणाऱ्यांनी आदल्या आठवड्यात रक्तदान करू नये.

गडावरचा दिवस

महिनाभर आधी वनविभाग, ग्रामपंचायत आणि हवेली पोलीस ठाणं यांना लेखी कळवा. आठ जण असलात तरी कळवा. गावातल्या मंडळींना कारण सांगितलं की ती आपल्याहून जास्त मनावर घेतात. दह्याची मडकी घेऊन बसणाऱ्या एका मावशींनी गेल्या वर्षी आमच्याकडून ताकाचे पैसे घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, "माझे ते वॉर्डात टाका." आम्ही टाकले, त्यांच्या नावाने.

रविवार टाळा. रविवारी वाटेवर जत्रा असते, उतरताना धक्के लागतात. आम्ही शनिवारी पहाटे साडेपाचला विजेऱ्या लावून निघतो. पायथ्याला एक जण दिवसभर थांबतो. त्याच्याकडे प्रत्येकाची वर-खाली येण्याची वेळ, घरचा फोन, औषधांची माहिती. वर पुणे दरवाजापाशी दुसरा. या दोघांशिवाय उपक्रम करू नका. गाडी पायथ्याला तयार ठेवा आणि १०८ क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

पहिली फेरी इतकी सावकाश करा की बोलता आलं पाहिजे. दर तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे, भूक नसली तरी: केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. तिसऱ्या फेरीनंतर गोड नको वाटतं, तेव्हा बटाटाच कामी येतो. पिठलं-भाकरी पाचवी फेरी झाल्यावर. नुसतं पाणी भरमसाट पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी, गोंधळ होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, नाहीतर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. तहान लागेल तसं घोट घोट.

दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळी खाऊन पुढे जाऊ नका. घाम गेलेल्या शरीरात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. छातीत दाब, एका बाजूला झुकणारी चाल, उत्तरं भलतीच, लघवी गडद तपकिरी: यातलं एकही दिसलं तर फेरी संपली. थांबवण्याचा निर्णय पायथ्याच्या माणसाचा, चढणाऱ्याचा नाही. हे आदल्या दिवशी सगळ्यांनी मान्य करायचं.

मुलांबद्दल लिहिताना

वॉर्डातल्या मुलांचे फोटो वापरू नका. आईबापांनी "घ्या" म्हटलं तरी नको, कारण ज्याच्याकडून मदत मिळते आहे त्याला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. आणि तेच पोर मोठं होऊन कॉलेजात जाईल तेव्हा तो फोटो इंटरनेटवर असेल. आमच्या पोस्टरवर गड असतो.

"झुंज", "लढवय्या", "कर्करोगाला हरवलं" हे शब्द मी वापरत नाही. ज्यांचं मूल गेलं ते आईबापही तुमचा संदेश वाचतात. त्यांचं मूल कमी लढलं नव्हतं.

उपक्रम संपला की सगळ्यांना वॉर्डात नेऊन चेक देण्याचा फोटो काढायचा आग्रह होतो. नम्रपणे नाही म्हणा. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, आपला साधा सर्दी-खोकला त्या मुलाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. फुलं, कापलेली फळंही नकोत. काही न्यायचंच असेल तर ताईंना विचारून रंगाच्या नव्या, बंद पेट्या न्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवून या.

नंतरचा हिशेब

दोन दिवसांत प्रत्येक देणगीदाराला नावाने आभाराचा संदेश. पंधरा दिवसांत एकूण रक्कम, देणगीदारांची संख्या आणि उपक्रमाचा वेगळा खर्च, एका पानावर. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेने देणगीची प्रमाणपत्रं द्यायची असतात, एप्रिलमध्ये एकदा आठवण करा. पॅनमधला एक आकडा चुकला तरी प्रमाणपत्र अडकतं, म्हणून यादी डिसेंबरातच तपासून ठेवा.

सहा महिन्यांनी पुन्हा समाजसेवा विभागात जा आणि पैसे कसे वापरले गेले ते लिहून आणा: किती कुटुंबं, किती दिवस, किती उरले. ते देणगीदारांना कळवा. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी देणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्याच वर्षीचे होते, आणि त्यातल्या अनेकांनी मला सांगितलं की जूनमधल्या त्या पत्रामुळे पुन्हा दिले.

याच भेटीत पुढच्या वर्षीची नड विचारून घ्यायची. या जूनमध्ये गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "खोल्यांचं बरं चाललंय. आता गाडी हवी. पेशी उतरलेल्या पोराला रात्री दोनला ताप भरला तर तासाभरात प्रतिजैविक चढायला हवं, आणि त्या वेळी खोलीवरून इथवर यायला रिक्षा मिळत नाही." वहीच्या नव्या पानावर मी ते लिहून घेतलं आहे. रात्री कधीही येईल अशा गाडीचा महिन्याचा खर्च किती, हे विचारायला उद्या दोन रिक्षा संघटनांकडे जातो आहे.